गौलीगुड्यात खोल समुद्र

आमच्या घरात खोल समुद्र शिरला तो बिर्याणीच्या पार्सलमधून. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात अधिकारी आहे. लोकांवर आलेली संकटं खरी की बनावट, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे, तसला दावा कुणी माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी तो वाचूनसुद्धा न बघता परत पाठवला असता, हे आधीच कबूल करतो.

झालं असं, की आमची मुलगी प्रियदर्शिनी, घरातली दर्शू, हिच्या चित्रकलेच्या क्लासनं जाहीर केलं, की जूनमध्ये आबिड्सच्या एका सभागृहात मुलांच्या कलाकृतींचं प्रदर्शन भरणार. विषय : खोल समुद्रातले जीव आणि समुद्राचं रक्षण. आता हैदराबादला समुद्र नाही. हुसेनसागर आहे, पण त्याच्या काठावर उभं राहिलं की समुद्राची आठवण येण्याऐवजी नाकाला रुमाल लावायची आठवण येते. मी आपलं समजुतीच्या सुरात म्हटलं, "अगं, इथलंच काहीतरी काढा की. गोवळकोंड्याचा किल्ला काढा."

"बाबा, गोलकोंडा एक्स्टिंक्ट होत नाहीये," दर्शू म्हणाली.

नववीतल्या मुलीशी वाद घालू नये, हे मला माहीत आहे. तरी मी घालतो.

तिनं निवडला अँगलरफिश. मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. तोंड एवढं मोठं की बाकी मासा नंतर आठवण झाल्यावर जोडल्यासारखा वाटावा. दात सुयांसारखे, तेही आत-बाहेर कसेही उगवलेले. कपाळातून गळासारखी एक काठी निघालेली आणि तिच्या टोकाला दिवा. समुद्राच्या तळाशी उजेड नाही, म्हणून हा आपला स्वतःचा दिवा घेऊन हिंडतो आणि दिव्याला भुलून कुणी आलं की गिळतो.

"हा नाही, ही," दर्शूनं दुरुस्ती केली. "ही फीमेल आहे. मेल इत्तासा असतो. तो तिला येऊन चिकटतो आणि मग तिच्या बॉडीचाच पार्ट होऊन जातो. त्याचे डोळेपण जातात. त्याला काहीच करावं लागत नाही."

माझी बायको पल्लवी लॅपटॉपवर काम करत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. पल्लवी पुण्याची. पुण्याच्या लोकांना काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

मासा टाकाऊ वस्तूंपासूनच करायचा, असा नियम होता. म्हणून पंधरवडाभर आमच्याकडे बिर्याणी येत राहिली. कलेसाठी काही ना काही सोसावंच लागतं. डब्यांच्या पांढऱ्या झाकणांचे दात झाले, काळ्या पिशव्यांची कातडी झाली, आतल्या सांगाड्याला सायकलची जुनी चाकं लागली. अंग भरायला मात्र कागदाचा लगदा हवा होता. एके दिवशी ऑफिसातून आलो तर बादलीत माझे जपून ठेवलेले दिवाळी अंक भिजत होते. मी म्हटलं, "दर्शू, अगं, हे काय?"

"ते कुणी वाचत नाही ना, बाबा?"

"तू वाचत नाहीस!"

"तेच तर," ती म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. मराठी ती बोलते चुरुचुरु, पण वाचायला बसली की एकेक अक्षर उचलून बघते. मनात म्हटलं, चला, निदान माशाच्या पोटात तरी मराठी साहित्य जाईल.

मासा झाला, आणि खोटं कशाला बोलू, सुरेख झाला. सोफ्याएवढा. संध्याकाळी तिनं त्याच्या कपाळावरचा दिवा लावला आणि खोलीतला दिवा घालवला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमची ही मुलगी कुठल्याच गोष्टीत पुढे येणारी नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. त्या दिवशी मात्र ती माशाशेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे मी केलंय." मी तोंड फिरवून डोळे पुसले. मी बिर्याणीवर ढकललं.

अडचण एकच, मासा वाळेना. लगदा जाड, त्यावर मैद्याची खळ, आणि प्रदर्शनात मासा द्यायचा रविवारी सकाळी. दर्शूचं म्हणणं, "इथेच पंख्याखाली राहू दे, होईल." पल्लवीचंही तेच. पण दोन बायकांचं एकमत झालं की घरातल्या पुरुषाला आपलं अस्तित्व दाखवावंसं वाटतं. मी म्हटलं, "पंख्यानं काय होतंय? ऊन ते ऊन. मी बघतो."

'मी बघतो' हे दोन शब्द मराठी पुरुषानं बोलू नयेत, असा कायदा झाला पाहिजे.

मासा गच्चीवर न्यायचा, तर सोसायटीची परवानगी हवी. सोसायटीचे सेक्रेटरी हिम्मतराव. आमच्यासारखेच, तीन पिढ्यांपूर्वी मराठवाड्यातून शेती सोडून हैदराबादच्या या गौलीगुड्यात आलेले. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी आपला सगळा अधिकार सोसायटीत आणून ओतला आहे. त्यांनी नियमावली काढली. गच्चीवर धार्मिक, राजकीय आणि व्यापारी वस्तू ठेवायला मनाई होती.

"मासा यापैकी कशात बसतो?" मी विचारलं.

"तेच बघायला लागतंय की बा," हिम्मतराव म्हणाले. "मत्स्यावतार म्हटलं तर धार्मिक होतंय. विकायचाय म्हटलं तर व्यापारी."

"शाळकरी मुलीनं केलेला मासा आहे हो, काका."

"हौ, पर दात देखा क्या उसके? मला तर राजकीयच वाटायला लागलंय."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताई आल्या आणि त्यांनी तक्रार मांडली, की दोन दिवसांपासून जिन्यात मासळीचा वास येतोय आणि त्यांच्या सोवळ्याचं वाटोळं झालंय. मासा कागदाचा आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणूनच म्हटलं, वास थोडा वेगळा आहे." गच्चीची परवानगी नामंजूर झाली.

हिम्मतराव मात्र मनानं वाईट नाहीत. नाही म्हणून झाल्यावर ते मदतीला येतात. "टेन्शन कायको लेतंय रे शिवराज," ते म्हणाले. "बाजूच्या बांधकामावर ठेव ना. आपल्या सगळ्या बिल्डिंगच्या कुरडया तिथंच वाळतात. ऊन पण आहे, वारा पण आहे."

शेजारच्या प्लॉटवर यादगिरी नावाच्या गृहस्थांची इमारत चढत होती. चढत होती म्हणजे, चढायची थांबली होती. पहिली बोअर कोरडी गेली, दुसरी कोरडी गेली. पाणी नाही म्हणून काम बंद, आणि काम बंद म्हणून आमच्या कुरडया. मंगळवारी संध्याकाळी मी आणि हिम्मतराव मासा उचलून तिथे गेलो. जमिनीवर ठेवावा तर मुंग्या खळीवर तुटून पडतील. समोरच्या खांबावर, विटांच्या ढिगावर चढलं की हाताला येईल अशा उंचीवर, सळईचा एक आकडा आयताच रिकामा होता. मी स्वतःच्या हातानं मासा त्याला टांगला. तोंड रस्त्याकडे केलं, कारण सकाळचं ऊन तिकडून येतं. दोघांनी खाली उतरून बघितलं. "झकास दिसतंय," हिम्मतराव म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. हैदराबादेत बांधकाम काढलं की दर्शनी खांबावर राक्षसाचा एक मुखवटा टांगतात. डोळे वटारलेले, दात विचकलेले, जीभ बाहेर. तेलुगूत त्याला दिष्टी बोम्मा म्हणतात. येणाऱ्याजाणाऱ्याची वाईट नजर इमारतीला न लागता त्याला लागावी, हा त्याचा हेतू. माझा जन्म या गावात गेला. असले मुखवटे मी हजारो पाहिले असतील. यादगिरींच्या खांबावरचाही पाहिला होता. तो आदल्या आठवड्याच्या वावटळीत पडून फुटला, आणि तो आकडा त्यामुळेच रिकामा होता, हेही मला आठवायला हवं होतं. आठवलं, पण बुधवारी संध्याकाळी.

बुधवारी ऑफिसातून परत आलो तर गल्लीत चिखल. रिक्षावाला म्हणाला, "बोअर लगी साहब, ऐसा पानी आया, ऐसा पानी आया!" मी खांबाकडे बघितलं. दर्शूच्या माशाच्या कपाळाला हळद होती, कुंकू होतं. दातांत लिंबू अडकवलेलं होतं. गळ्यात मिरच्यांची माळ, आणि गळा कुठे सुरू होतो ते कळत नसल्यानं ती कपाळावरच्या दिव्याला बांधलेली. खाली कोहळा फोडलेला, नारळ फोडलेला, आणि भोवती उदबत्त्यांचा धूर. माशासमोर यादगिरी आणि त्यांची बायको भाग्यलक्ष्मी हात जोडून उभे होते.

मी घाईघाईनं पुढे झालो. "अहो, हा मासा आमचा आहे. माझ्या मुलीचा."

यादगिरींनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम लगाये क्या सार? मैं सुबू आ के देखा, कौन तो बी नवा दिष्टी बोम्मा लगा के गया. तीसरी बोअर चालू करा, और पानी आया सार! दो बोअर सूखे गये थे. बैंक का लोन, ये टेन्शन, वो टेन्शन... तुम देवता जैसे आये सार."

आयुष्यात प्रथमच कुणी मला देवता म्हणालं होतं. अशा वेळी 'माझा मासा परत द्या' असं एकदम म्हणवत नाही. मी जरा थांबून म्हटलं. भाग्यलक्ष्मी पुढे आल्या. बाई ठेंगणी, आवाज खणखणीत. "नक्को, नक्को! स्लॅब पडे तक इसको हाथ नक्को लगाओ. अब निकाले तो पानी जाता, काम जाता, सब जाता. इतवार को स्लॅब है."

इतवारलाच. स्लॅबला माशाची गरज रविवारी, आणि प्रदर्शनालाही माशाची गरज रविवारीच.

घरी येऊन सांगितलं. दर्शू रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. ती खिडकीशी गेली, कुंकू फासलेल्या आपल्या माशाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू म्हणालास, मी बघतो." मग आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावरच्या हवालदारानं कागद पुढे ओढला. "क्या गया?"

"मासा."

"जिंदा की मरा?"

"कागदाचा आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "साहब, मिरग का हफ्ता है. पूरा शहर मछली खारा. इस हफ्ते में गयी हुई मछली कब्बी वापस आयी क्या?" मृग लागला की मासे खायची इथे जुनी रीत आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं. मग त्यानं विचारलं, तिथे टांगला कुणी? मी म्हटलं, मी. जागा कुणाची? त्यांची. त्यांना विचारलं होतं का? नाही. हवालदारानं कागद पुन्हा पुढे ओढला आणि प्रेमानं म्हणाला, "तो केस तुम्हारे पे बनता साहब. लिखूँ क्या?" मी आभार मानून निघालो. असल्या परिस्थितीत माणसानं आभार का मानावेत, ते मला आजवर कळलेलं नाही.

मग सुरू झाले सल्ले. माझ्या अनुभवात, संकट एकटं आलं तर माणूस निभावून नेतो. ते शेजाऱ्यांना कळलं की खरं वाढतं. कुसुमताई म्हणाल्या, त्यांच्याकडून कुंकू लागलं म्हणजे आता मासा त्यांचा झाला, शास्त्र आहे. ऑफिसातल्या प्रकाशनं सुचवलं, माशाचा आधी विमा उतरवून घ्यावा आणि दाव्याचं नंतर बघावं. हिम्मतराव म्हणाले, "दुसरा दिष्टी बोम्मा आणून देऊ की. अदलाबदल." एवढं साधं कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही कोठीच्या बाजारात जाऊन दुकानातला सगळ्यांत भयानक मुखवटा आणला. भाग्यलक्ष्मींनी तो बोटानं टकटक वाजवून बघितला.

"प्लास्टिक," त्या म्हणाल्या. "हलका है. दम नै इसमें."

"बाबा, तू प्लास्टिकचं आणलंस?" दर्शू माझ्यामागे केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. दोन दिवसांतलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य ते. समुद्राच्या रक्षणासाठी मी प्लास्टिकचा राक्षस विकत आणला होता. मी तो पाठीमागे लपवला.

दर्शू पुढे झाली. अनोळखी माणसांपुढे ही मुलगी कधी तोंड उघडत नाही. तिनं भाग्यलक्ष्मींना आपल्या तोडक्यामोडक्या तेलुगूत सांगायला सुरुवात केली, की हा राक्षस नाही, हा मासा आहे, बाई आहे. ती समुद्राच्या एकदम तळाशी राहते. तिथे सूर्य पोचत नाही, पण आपण फेकलेली पिशवी पोचते. तेच लोकांना सांगायचं म्हणून मी ती केली. रविवारी तिला तिथे न्यायचंय. मग परत आणून लावीन, प्रॉमिस.

भाग्यलक्ष्मी ऐकत होत्या. माशाकडे बघून हळूच म्हणाल्या, "इत्ती नीचे रहती? तबीच तो नीचे का पानी समझा इसकू." मग बराच विचार करून त्यांनी विचारलं, "अपने हाथ से लगाया किसने?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शेजारधर्म असतो तो असा.

"तो फिर हाथ का गुण इनका है," भाग्यलक्ष्मींनी निकाल दिला. "मछली को ले के जाओ. वो आने तक ये बैठते. ये जगा खाली नै रहना."

"मी? कुठे?"

त्यांनी खांबाखालच्या विटांच्या ढिगाकडे बोट केलं. यादगिरी संकोचून म्हणाले, "कुर्सी डालताऊं सार."

मी ताडकन दोन पावलं मागे सरलो. म्हटलं, मी एका विमा कंपनीत जबाबदार पदावर आहे. या गल्लीत मला लोक नमस्कार करतात. आमच्या आजोबांनी इथे... माझं हे भाषण बराच वेळ चाललं असतं. पण बोलता बोलता दर्शूकडे नजर गेली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं आधीच गृहीत धरलं होतं, की बाबा नाही म्हणणार. ते मला सहन झालं नाही. मुलगी रागावली तर समजूत काढता येते, तिनं आशाच सोडली तर कुठे जायचं?

"किती वाजता बसायचं?" मी विचारलं.

"चेहरा ऐसा नै चलता," भाग्यलक्ष्मी मला निरखून म्हणाल्या. "ये तो बिल्कुल सीदा चेहरा है. इनकू कौन डरता?"

आमच्या खिडकीतून पल्लवी म्हणाली, "खरं आहे."

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो आणि माझ्या मुलीनं माझं तोंड रंगवलं. आधी सगळं काळं केलं. आमच्यात 'तोंड काळं करणं' म्हणजे काय ते सांगायला नको, पण ब्रश तिच्या हातात होता. मग ओठांपासून कानांपर्यंत दात काढले. भुवयांवर पिवळे डोळे काढले. जीभ बाहेर टाकून एकेक दात रंगवत होती ती. लहानपणी चित्र काढताना टाकायची तशीच. एवढ्या जवळून तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. शेवटी तिनं बारीक ब्रश घेतला आणि माझ्या हनुवटीखाली सही केली. म्हणाली, "हलू नको. आर्टिस्टनं साइन करायची असते."

छोट्या टेम्पोत मासा चढला. कुंकवासकट, कारण ते पुसायला भाग्यलक्ष्मींनी साफ नकार दिला आणि माशावर लक्ष ठेवायला त्या स्वतःही जरीची साडी नेसून टेम्पोत बसल्या. दर्शू, पल्लवी, मासा आणि भाग्यलक्ष्मी आबिड्सकडे गेल्या. मी विटांवर चढून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. यादगिरींनी भक्तिभावानं माझ्या गळ्यात लिंबू-मिरच्या घातल्या आणि नियम सांगितले. हसायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. "दिष्टी बोम्मा फोन नै देखता सार."

पाठीमागे स्लॅबचं काम सुरू झालं. मिक्सर घरघरत होता, आणि मी रस्त्याकडे डोळे वटारून बसलो होतो. सुरुवातीला वाटलं, आपल्याला कोण ओळखणार? पहिल्यांदा आले ते हिम्मतराव, आणि त्यांनी सगळ्या सोसायटीला बोलावून आणलं. कुसुमताईंनी लांबूनच कुंकू वाहिलं. रस्त्यानं जाणारे काही दचकले, काहींनी सेल्फी घेतले. एका लहान मुलानं मला बघून भोकाड पसरलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. निदान कुणावर तरी परिणाम झाला.

आणि मग एक रिक्षा थांबली. आत आमच्या शाखेच्या मॅनेजर अलका मॅडम. बहुधा कोठीला खरेदीला निघाल्या असाव्यात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शिवराज?"

बोलायचं नव्हतं. मी डोळे आणखी वटारले. मॅडमही काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मी गेल्या महिन्यात बढतीसाठी अर्ज दिला होता, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. "बरं, चालू द्या," असं म्हणून त्या गेल्या. मॅडमची नजर यादगिरींच्या इमारतीला लागली नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. ती सगळी मलाच लागली.

ऊन डोक्यावर आलं. रंग तडकायला लागला. नाकाला खाज सुटली, आणि राक्षसानं नाक खाजवावं की नाही, याबद्दल नियमात काहीच नव्हतं. यादगिरी मधूनमधून येऊन मला स्ट्रॉनं ताक पाजत होते. मला एकच काळजी होती. तिथे दर्शूला बोलायला जमेल ना? का मासा मध्ये ठेवून ती आपली कोपऱ्यात उभी राहील?

दुपार उतरता उतरता स्लॅब पूर्ण झाला. मजुरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो दिसला. पल्लवी उतरली ती हसत हसतच. तिच्याकडून सगळं कळलं. परीक्षकांनी कुंकवाबद्दल विचारलं, तेव्हा ही आमची न बोलणारी मुलगी सरळ म्हणाली, की ते माझं काम नाही, माझ्या बाबांनी वाळायला टांगला आणि लोकांनी पूजा केली. सगळे हसले. एक परीक्षक म्हणाले, मग हे पुसून टाका, कलाकृतीत अंधश्रद्धा नको. तेव्हा भाग्यलक्ष्मी पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "मेरे एक घर को नजर लगी तो मैं बोम्मा लगायी. इत्ते बड्डे समुंदर को सबकी नजर लगी है. उसकू कौन लगाया? ये बच्ची लगायी." मग दर्शू बोलली. पिशवी कुठवर पोचते, दिवा कशासाठी असतो, सगळं बोलली. लोक खुर्च्या सोडून माशाभोवती गोळा झाले.

मी ढिगावरून खाली उतरलो. पायांना मुंग्या आल्या होत्या. दर्शू समोर उभी होती, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि काळजीही होती. "आता काय झालं?" मी विचारलं.

"बाबा, सिलेक्ट झाला," ती म्हणाली. "फिश विशाखापट्टणमला जाणार. खऱ्या समुद्राजवळ. मोठं एक्झिबिशन आहे. पण..." तिनं यादगिरींकडे बघितलं, मग विटांच्या ढिगाकडे, मग माझ्याकडे. "पण उद्याच न्यायचाय. आणि महिनाभर तिथेच राहणार. मी त्यांना हो नाही सांगितलं. म्हटलं, बाबांना विचारून सांगते."

यादगिरी घाबरेघुबरे झाले. वर अजून दोन स्लॅब बाकी होते. भाग्यलक्ष्मींनी विटांवरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पल्लवी म्हणाली, "शिवराज, ऑफिसच्या आधी सकाळचा एक तास, आणि रविवार. तेवढ्यावर त्या ऐकतील. मी बोलते." हिम्मतराव खिडकीतून ओरडले, "हो म्हण रे शिवराज! छत्री आपण देऊ!"

मला अलका मॅडम आठवल्या. बढती आठवली. गल्लीतले नमस्कार आठवले. मग मी दर्शूकडे बघितलं. ती या वेळी माझ्याकडेच बघत होती, आणि मी काय म्हणेन ते तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"दर्शू," मी म्हटलं, "उद्या दात जरा मोठे काढ. आज दोन-तीन लोक हसून गेले."